दक्षिण दिशेचे घर

कोकणातील एखाद्या जुन्या गावी एस.टी.तून उतरून बौद्धवाडीची वाट विचारली, तर उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळते : ‘त्या अंगाला.’ हात ज्या अंगाला होतो, ती जागा ग्रामदेवतेच्या देवळापासून दूर, ओढ्यापलीकडे किंवा उताराच्या खाली असते. वाट सांगणाऱ्याच्या मनात आज काही किल्मिष असेलच असे नाही. परंतु त्याने बोट दाखवलेली दिशा त्याच्या व आमच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरलेली आहे, आणि ती ठरवताना आमच्या पूर्वजांना कोणी विचारले नव्हते.

प्रस्तुत लेखात आम्ही घराचा विचार करणार आहोत. माणूस घर बांधतो तेव्हा भिंती आणि छप्पर यांखेरीज आणखी काही उभे करीत असतो. आपण कोण आहोत, आपल्याला कशाची ओढ आहे आणि आपण कोणाचे आहोत, या तीन प्रश्नांची उत्तरे तो दगडमातीत लिहून ठेवतो. रत्नागिरी व रायगड या जिल्ह्यांतील बौद्धांची गावाकडची घरे आणि त्याच कुटुंबांच्या मुंबईतील खोल्या यांच्या आधारे ही उत्तरे वाचण्याचा हा प्रयत्न आहे. हा प्रदेश आज झपाट्याने बदलत आहे, म्हणून हे वाचन लांबणीवर टाकता येणार नाही असे आम्हांस वाटते.

दिशा कोणी ठरवली?

गावगाड्याने अस्पृश्यांवर लादलेल्या निर्बंधांची एक यादी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात दिली आहे. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ती वाचावयास मिळते. त्या यादीत वस्तीविषयी दोन गोष्टी स्पष्टपणे येतात. अस्पृश्यांची वस्ती गावापासून वेगळी असली पाहिजे, आणि ती दक्षिणेस असली पाहिजे. कारण चार दिशांत दक्षिण ही अशुभ मानलेली. त्याच यादीत पुढे येते की, अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हाही अपराध समजला जाई.

प्रत्येक गावी होकायंत्र लावले तर वस्ती नेमकी दक्षिणेसच सापडेल असे नाही. कोकणची भूमी चढ-उतारांची. तेथे वाहत्या पाण्याची खालची बाजू, पावसाळ्यात चिखलाने तुटणारी बाजू किंवा शेवटच्या शेताच्या पलीकडची बाजू हीच ‘दक्षिण’ ठरे. मुद्दा होकायंत्राचा नव्हता, योग्यतेचा होता. ज्याला अशुभ ठरवायचे त्याला अशुभ दिशा द्यायची आणि मग ‘तो त्या दिशेला राहतो म्हणून अशुभ’ असे म्हणावयाचे, असा हा फेरा होता.

कौलाचा निर्बंधही तितकाच बोलका आहे. कोकणात चार महिने मुसळधार पाऊस पडतो. गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेले छप्पर दरवर्षी नव्याने घालावे लागते. कुडाच्या भिंतींना ओल लागते. एका ठिणगीने घर जळू शकते. कौलारू घराला ही वार्षिक धास्ती नसते. म्हणजे कौल नाकारणे याचा अर्थ केवळ शोभा नाकारणे असा नव्हता; टिकाऊपणा नाकारणे असा होता. ज्याचे घर दरवर्षी नवे बांधावे लागते, त्याला एका जागेचा वारस होता येत नाही, आणि पुढच्या पिढीसाठी काही राखूनही ठेवता येत नाही. त्यातच वतनाच्या जमिनीचा तुकडा गावकामाशी बांधलेला. घरातल्या माणसाने रात्री-अपरात्री हाकेला ‘ओ’ दिली, तरच ती जमीन त्याची. ही वतने संपुष्टात आणणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. तोवर घराचा उंबरठा ओलांडून गावाची सत्ता आत येत होती.

दोन ठिकाणचे एक घर

या व्यवस्थेतून बाहेर पडण्याच्या ज्या वाटा कोकणात होत्या, त्यांत लष्कर ही एक आणि मुंबई ही दुसरी. एकोणिसाव्या शतकात दापोलीस लष्करी पेन्शनर मंडळींची वस्ती होती. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सेवानिवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि तेथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. सुभेदार रामजी आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीस, मग साताऱ्यास आणि पुढे मुंबईत परळला राहिले. ज्यांनी छावणीत शिस्तीचे, स्वच्छतेचे आणि वाचनाचे दिवस पाहिले, त्यांना गावकुसाबाहेरचे जिणे पुन्हा पूर्वीसारखे सोसवले नाही.

मुंबईत गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी काम दिले. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, बी.आय.टी. चाळी उभारल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी बांधल्या गेल्या. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्याच्या टोकाला सामायिक नळ व शौचालय, मधून लांब व्हरांडा. एका खोलीत एक कुटुंब राहीच. शिवाय गावाहून आलेला पुतण्या, मेव्हणा आणि शाळेसाठी आणलेला भाचा यांचीही अंथरुणे तेथेच पडत. पोटमाळा काढून त्या खोलीची दीड खोली करण्याची युक्ती प्रत्येकाने केली.

या खोलीने माणसाला एक नवी ओळख दिली. चाळीत दार क्रमांकाने ओळखले जाई. पत्रावर इमारत क्रमांक आणि खोली क्रमांक लिहिला की पोस्टमन दारी येई; दिशा सांगावी लागत नसे. जात तेथेही होती, पाण्याच्या नळावर आणि गिरणीच्या खात्यांतही होती. तरीही क्रमांकाच्या दारामागे मुलाला दिव्याखाली बसवून अभ्यास करवता येत होता.

ओढ मात्र गावाचीच राहिली. मुंबईच्या पगारातून पैसे साठवून गावाकडे जांभ्या दगडाचे चिरे उतरवायचे, एका वर्षी जोते, दुसऱ्या वर्षी भिंती, तिसऱ्या वर्षी कौले, असे घर बांधण्यात कित्येकांचे अर्धे आयुष्य गेले. हे घर वर्षातून वीस दिवस वापरले जाई. मग ते बांधले कशासाठी? आमच्या मते, ज्या गावाने आजोबाला कौल नाकारले, त्याच गावात नातवाने कौले चढवावीत, यासाठी. ते घर राहण्यापेक्षा दिसण्यासाठी होते असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. ज्यांना शतकानुशतके दिसूच दिले नाही, त्यांना दिसण्याचा हक्क आहे.

ग्रंथांसाठी बांधलेले घर

या दोन घरांमधला प्रवास बाबासाहेबांच्या जीवनात एका वेगळ्याच टोकाला पोहोचतो. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत त्यांचे विद्यार्थिदशेतील दिवस गेले. त्यांचे अभ्यासाचे तास पहाटेपूर्वीचे असत, कारण इतर वेळी त्या खोलीत स्वस्थता नसे. पुढे परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील ५० व ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांत त्यांनी १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे काढली. परदेशांतून मिळवलेल्या पदव्या, महाडचा १९२७ चा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हे सारे घडले तेव्हा त्यांचा पत्ता त्या चाळीचाच होता.

१९३० च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले. खालच्या भागात कुटुंबाचे राहणे आणि वर ग्रंथसंग्रह व अभ्यासिका, अशी त्याची योजना होती. सर्वसाधारण माणूस घर बांधताना आधी दिवाणखान्याचा विचार करतो. येथे घराचा मोठा भाग पुस्तकांना दिला गेला. या घरातील ग्रंथसंपदा पुढे पन्नास हजारांच्या घरात गेली. त्या घराला त्यांनी नाव दिले ‘राजगृह’.

या नावाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. राजगृह ही मगधाची राजधानी. राजा बिंबिसाराने भगवान बुद्धांना व संघाला वेळुवन दिले ते येथे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती भरली तीही येथेच. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. या दोन्ही घटनांच्या आधी हे नाव एका घराच्या दारावर लागले होते. तेव्हाच बाबासाहेबांचा निर्णय झाला होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु माणूस मोठी गोष्ट जगासमोर मांडण्यापूर्वी कधी कधी ती आपल्या दारावर लिहून पाहतो, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

याच घरात २७ मे १९३५ रोजी माता रमाईंनी अखेरचा श्वास घेतला. चाळीच्या खोल्यांत ज्यांनी संसार ओढला, त्यांना हे घर फार थोडा काळ लाभले. ७ जुलै २०२० रोजी या वास्तूच्या काचा व कुंड्यांची नासधूस करण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रभरातील साध्या माणसांना ती आपल्याच दारावरची लाथ वाटली. ज्या घरात आपण कधी राहिलो नाही ते आपले का वाटावे, याचे उत्तर त्या घराच्या बांधणीतच आहे. ते एका कुटुंबापुरते बांधलेच नव्हते.

देव्हारा उतरला तेव्हा

१९५६ नंतर घरांच्या बाह्यरूपापेक्षा अंतर्भाग आधी बदलला. पैसा तोच होता, भिंती त्याच होत्या. परंतु बावीस प्रतिज्ञा घेऊन परतलेल्या माणसांनी देव्हारे रिकामे केले, टाक आणि मूर्ती नदी-विहिरीत विसर्जित केल्या. ज्या कोनाड्यात शेंदराचा दगड होता तेथे तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. अंगणात तुळशीवृंदावन नसणे ही बौद्ध घराची खूण झाली. पुढे छपरावर पंचरंगी ध्वज आला. दारावर ‘सिद्धार्थ’, ‘लुंबिनी’, ‘प्रज्ञा’, ‘रमाई’ अशी नावे झळकू लागली. नव्या घरात प्रवेश करताना सत्यनारायणाच्या जागी त्रिसरण-पंचशील आणि महामंगलसुत्ताचे पठण होऊ लागले.

हे बदल वरवरचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. देव्हारा हा घरातील भयाचा कोपरा होता. साथ आली, गुरे मेली, बाळंतीण दगावली, की कारण त्या कोपऱ्यात शोधले जाई आणि कोंबडे-बकरे कर्ज काढून दिले जाई. तसबीर लागली तेव्हा त्या कोपऱ्यातून कारण हलले. तसबिरीतील दोघेही काही मागत नाहीत. ते दोघेही शिक्षक आहेत. घरात देवाची जागा शिक्षकाने घेतली, हा या परिवर्तनाचा गाभा होय. येथून आम्ही पुन्हा दिशेच्या प्रश्नाकडे येतो.

सिगालाच्या सहा दिशा

दीघनिकायात सिगालोवादसुत्त आहे. गृहस्थाचा आचार सांगणारे म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याचा प्रसंग असा : भगवान राजगृहाच्या वेळुवनात असताना सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडताना त्यांना दिसला. हे का करतोस, असे विचारता तो म्हणाला की, वडिलांनी मृत्यूसमयी तसे सांगितले होते. भगवानांनी त्याच्या पितृभक्तीची थट्टा केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील. दक्षिण म्हणजे आचार्य. पश्चिम म्हणजे पत्नी व मुले. उत्तर म्हणजे मित्र व सहकारी. खालची दिशा म्हणजे सेवक व श्रमिक. आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. या प्रत्येकाशी आपले वर्तन नीट असले, म्हणजे ती दिशा सुरक्षित झाली.

यातील क्रांती घराच्या संदर्भात वाचून पाहावी. दिशा ही जागा नाही, नाते आहे. एखादी बाजू मुळात शुभ किंवा अशुभ नसते. त्या बाजूला असलेल्या माणसाशी आपण कसे वागतो यावर ती ठरते. आणि गावगाड्याने जी दक्षिण आम्हांस अशुभ म्हणून नेमून दिली होती, ती तथागतांच्या शिकवणीत आचार्यांची, म्हणजे विद्येची दिशा आहे. बाबासाहेबांनी या सुत्ताचा असा अर्थ लावला, असा आमचा दावा नाही. हे आमचे वाचन आहे. परंतु दक्षिणेस बसवलेल्या वस्तीतून आलेल्या पुरुषाने ग्रंथांसाठी घर बांधावे आणि त्याला सिगालाच्याच नगराचे नाव द्यावे, हा योग आम्हांस विचार करावयास लावतो.

खालच्या दिशेविषयीही एक शब्द. सुत्तात श्रमिकांना त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी आणि वेळेवर सुट्टी द्यावी, असे सांगितले आहे. आज आमच्यापैकी ज्यांच्या घरी धुणे-भांडी करावयास कोणी येते, त्यांनी तिचा पेला वेगळा ठेवला असेल तर ती दिशा उघडी पडली, असे समजावे.

गृहत्याग आणि गृहहीनता

येथे एक शंका निघू शकते. तथागतांनी घर सोडले. धम्मपदात तर तृष्णेला घर बांधणारी म्हटले आहे आणि ते घर पुन्हा उभे राहू नये, हीच मुक्ती मानली आहे. मग बौद्धाने घराचे इतके कौतुक का करावे?

आमचे उत्तर असे की, त्याग आणि वंचना या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिद्धार्थाने जे सोडले ते त्याच्याकडे होते. ज्याला घर बांधूच दिले नाही, त्याच्या उघड्यावर राहण्याला वैराग्य म्हणणे ही त्याची चेष्टा आहे. शिवाय विनयपिटकातील चुल्लवग्ग पाहावा. प्रारंभी भिक्षू झाडाखाली, डोंगरकपारीत राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा दर्शविली. भगवानांनी अनुमती दिली, आणि त्याने एका दिवसात साठ निवास उभारले. ते निवास कोणाला द्यावेत? तर चारी दिशांच्या संघाला, आलेल्यांना आणि अजून न आलेल्यांना. आपलेपणाची याहून व्यापक कल्पना आम्हांस ठाऊक नाही. घर ज्यांच्यासाठी आहे त्यांत न आलेला माणूसही धरलेला आहे.

ही कल्पना आमच्या भूमीला परकी नाही. नाशिक-कार्ले येथील लेण्यांच्या शिलालेखांत चारी दिशांच्या भिक्षुसंघाचा उल्लेख आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत माळी आणि लोखंडाचा व्यापारी यांचीही दाने कोरलेली आहेत. महाडलगतच्या गांधारपाले लेण्यांखालून आज महामार्ग जातो. ज्या महाडात १९२७ साली तळ्याचे पाणी घेतल्याबद्दल आमच्या माणसांना मार खावा लागला, त्याच गावाच्या माथ्यावर सर्व दिशांना खुली असलेली घरे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली होती. कोकणातील आमची ओढ केवळ एका जोत्याची नाही. ती इतकी जुनी आहे.

आजचे कुलूप

आता वर्तमानाकडे वळू. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे मुंबईतील पर्व ओसरले. पुढची पिढी नालासोपारा, दिवा, कल्याण, पनवेल या बाजूंना पांगली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, महामार्ग रुंदावला, जमिनींचे भाव चढले. गाव जवळ आले, पण गावचे घर दूर गेले. अनेक वाड्यांत निम्म्या घरांना कुलूप दिसते. मे महिन्यात बुद्ध-आंबेडकर संयुक्त जयंतीला ती उघडतात, अंगण झाडले जाते, विहारात वंदना होते, आणि पाऊस येण्यापूर्वी पुन्हा कुलूप लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडचा किनारा आणि मंडणगड-दापोली भागातील असंख्य छपरे उडाली. टाळेबंदीमुळे तेव्हा कित्येक मुंबईकर गावीच होते. कोणी शेजाऱ्याचे कुलूप तोडून आतला धान्याचा डबा आणि भिंतीवरची तसबीर कोरड्या जागी नेली. घराला वारस हवा तो अशा वेळी.

इकडे मुंबईत बी.डी.डी. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५०० हा आकडा आनंदाचा आहे. पण ज्या व्हरांड्यात भाषणे पाठ झाली, जयंतीच्या वर्गण्या ठरल्या, परीक्षेच्या काळात शेजारचा मुलगा आपल्या घरी झोपला, तो व्हरांडा नव्या इमारतीत नाही. तो कोठे ठेवायचा, हे रहिवाशांनाच ठरवावे लागेल.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु पाटी बदलली तरी वाट सांगणाऱ्याचे बोट त्याच अंगाला जाते, तोवर काम अपुरे आहे. शहरात भाड्याचे घर पाहावयास गेल्यावर आडनाव विचारले जाते, आणि मग ‘जागा नुकतीच दिली’ असे उत्तर येते. हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, विकत घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अटकाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. ते ठाऊक असावे.

सर्वांत अधिक खंत वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. नव्या सदनिकांत, नव्या बंगल्यांत आमचीच काही सुशिक्षित मंडळी वास्तुतज्ज्ञ बोलावू लागली आहेत. स्वयंपाकघर कोणत्या कोपऱ्यात, झोपताना डोके कोठे, आणि दार दक्षिणेस असेल तर घरच नको, असा विचार सुरू झाला आहे. वारा, ऊन आणि पावसाची झड पाहून दार ठरवणे हे शहाणपण आहे. दक्षिणेला भिणे हे नव्हे. ज्या दिशेला अशुभ म्हणून आपल्या आजीला तेथे बसवले गेले, त्याच दिशेला नातवाने अशुभ म्हणावे, यात गावगाड्याचा विजय आहे.

घर राखणे म्हणजे काय?

तेव्हा बौद्धाने घर कसे राखावे? सिगालोवादसुत्तात मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा अडचणीच्या काळासाठी. या मापाने पाहिले तर केवळ दिसण्यासाठी कर्ज काढून चढवलेला दुसरा मजला धम्माला धरून नाही. दिसण्याचा हक्क आम्ही वर मान्य केला; परंतु एकदा दिसून झाल्यावर घराने पुढचे काम हाती घ्यावे.

हे काम लहान आहे. गावचे घर असो वा शासनाच्या रमाई आवास योजनेतील २६९ चौरस फुटांचे घरकुल असो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावे लावावीत. पश्चिम दिशेचे पहिले कर्तव्य हेच. तसबिरीखाली एक फळी ठोकावी आणि तिच्यावर पुस्तके असावीत. ही दक्षिण दिशा. भावाभावांत जोत्यावरून कज्जा असेल तर तो न्यायालयात कुजवण्याऐवजी वडीलधाऱ्यांसमोर मिटवावा. ही पूर्व दिशा. आणि कुलूपबंद घराची एक किल्ली वाडीतील विश्वासू माणसाकडे असावी.

या शेवटच्या सूचनेविषयी आमचा आग्रह आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. वाड्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. विहार गळका असतो, किंवा नसतोच. त्याच वाडीत कौलारू, जांभ्याची, रिकामी घरे कुलपात असतात. अशा एका घराची ओटी तीन महिने वाचनासाठी आणि सायंकाळी मुलांच्या अभ्यासासाठी उघडली, तर त्या घराचा मुंबईतील मालक गरीब होणार नाही. ज्याने ते घर बांधले त्या गिरणी-कामगार आजोबाने अर्धे आयुष्य ज्या कौलांसाठी घातले, त्या कौलांखाली निदान कोणीतरी बसेल.

मग बौद्धवाडीची वाट विचारणाऱ्या पाहुण्याला एखादा मुलगा ‘त्या अंगाला’ असे म्हणणार नाही. जेथे संध्याकाळी वाचन चालते ते घर, असे सांगेल, आणि कदाचित सोबतही येईल. येत्या आषाढी पौर्णिमेपूर्वी आपल्या गावच्या किल्लीचा विचार प्रत्येक उपासक-उपासिकेने करावा, एवढीच आमची विनंती आहे.